सेकंदाला एक अख्खी लोकल

मुंबई ते लंडन, ७,२०० किलोमीटर. आकडा वाचला आणि नजर पुढे सरकली ना? मागे या! हा आकडा असा हातातून निसटू द्यायचा नाही. आज आपण तो लोकलने मोजू, रुपयांनी मोजू, विहिरीत ओतून मोजू, सोन्याच्या काट्यावर तोलून बघू. शेवटी जमलं तर पृथ्वीच्या पोटातूनही मोजू.

सुरुवात घरच्या मापाने. मुंबई–पुणे रस्त्याने साधारण दीडशे किलोमीटर. घाट, बोगदे, मधला वडापाव, सगळं धरून एक प्रवास. असे अठ्ठेचाळीस प्रवास एकापुढे एक जोडले की लंडन! एखादा माणूस रोज सकाळी पुण्याला जाऊन रात्री मुंबईला परतत असेल आणि रविवारी सुट्टी घेत असेल, तर बरोबर चार आठवड्यांत त्याचं मुंबई–लंडन अंतर तोडून झालेलं असतं. पायी म्हणाल? आळंदी ते पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर आणि वारीला लागतात साधारण अठरा दिवस. लंडनपर्यंतचं अंतर म्हणजे अशा एकोणतीस वाऱ्या. पालखीच्या चालीने, मुक्काम करत करत, जवळजवळ दीड वर्ष.

रुपयांत बघायचं? नव्या एक रुपयाच्या नाण्याचा व्यास २० मिलिमीटर. म्हणजे मीटरभर लांबीत ५० नाणी आणि किलोमीटरभरात ५० हजार. मुंबई–पुणे रस्त्यावर नाण्याला नाणं चिकटवत गेलात तर ७५ लाख रुपये लागतील. लंडनपर्यंत ३६ कोटी! आणि ही नाणी सेकंदाला एक या वेगाने, न झोपता, न जेवता मांडायला बसलात, तर शेवटचं नाणं ठेवायला जवळजवळ साडेअकरा वर्षं जातील.

आता विमानात बसू.

मोठं प्रवासी विमान वरच्या उंचीवर ताशी सुमारे ९०० किलोमीटरने उडतं. नऊशे हा आकडा ऐकून काहीच होत नाही, म्हणून त्याला साठने भागू. मिनिटाला पंधरा किलोमीटर. पंधरा! चर्चगेट ते विरार साठ किलोमीटर: चार मिनिटं. सीएसएमटी ते कल्याण: साडेतीन मिनिटं. मुंबई–पुणे, तो अख्खा दीडशे किलोमीटरचा रस्ता: दहा मिनिटं. आपण गाडी काढून, सोसायटीच्या गेटमधून बाहेर पडून पहिल्या सिग्नलला पोहोचेपर्यंत पुणं आलेलंसुद्धा असेल.

पुन्हा साठने भागा. सेकंदाला २५० मीटर. आता दादरच्या फलाटावर जाऊन बारा डब्यांची लोकल डोळ्यांसमोर उभी करा. मोटरमनच्या खिडकीपासून मागच्या गार्डच्या डब्यापर्यंत तिची लांबी साधारण तेवढीच, अडीचशे मीटर. मागच्या जिन्यावरून उतरून पुढचा लेडीज डबा गाठताना केवढी धावाधाव होते, ते रोज धावणाऱ्यांना विचारा. विमान ती अख्खी लोकल एका सेकंदात मागे टाकतं. ‘एक’ म्हणा: एक लोकल गेली. ‘दोन’ म्हणा: दुसरी गेली. आणि हे तासन् तास चालू! मुंबई ते लंडन अशा २८,८०० लोकल लागतात, टोकाला टोक लावून. मुंबईत दिवसाला तीन हजारांवर लोकल फेऱ्या होतात. त्यातल्या प्रत्येक फेरीची गाडी वेगळी धरली आणि नऊ दिवसांच्या सगळ्या गाड्या एकामागे एक उभ्या केल्या, तर रांगेचं पुढचं टोक लंडनला लागेल. आणि मघाची ती नाणी आठवतात? त्यांच्यावरून विमान जातं सेकंदाला साडेबारा हजार रुपये या वेगाने.

नकाशावर पट्टी ठेवून हा मार्ग शोधू नका. सपाट नकाशावरची सरळ रेघ अरबस्तानाच्या दिशेने जाते. पृथ्वीच्या गोलावर मात्र दोरा ताणून धरला तर तो उत्तरेकडे फुगतो, इराणवरून कॉकेशसच्या डोंगरांकडे जातो. या दोऱ्याचा मध्यबिंदू कुठे येतो माहीत आहे? जॉर्जियाची राजधानी तिबिलिसी, तिच्या अगदी जवळ! ३,६०० किलोमीटर इकडे मुंबई आणि ३,६०० किलोमीटर तिकडे लंडन. हे तिबिलिसी लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

नऊशेच्या वेगाने हिशेब केला तर आठ तासांत लंडन यायला हवं. पण चढण-उतरण आहे, वळसे आहेत, कुठल्या देशाचं आकाश बंद असेल तर आणखी वळसे आहेत आणि समोरून वारा आहे. वरच्या थरात पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याची नदीच वाहत असते, ताशी दीडशे-दोनशे किलोमीटरने. जाताना ती अंगावर येते आणि येताना पाठीशी असते. म्हणून जायला साधारण साडेनऊ तास लागतात आणि यायला तासाभराने कमी. हा वारा फुकटात एक तास देऊन जातो. एक तास म्हणजे सहा मुंबई–पुणे!

आणि हे सगळं किती उंचीवरून? सुमारे अकरा किलोमीटर. कळसूबाई महाराष्ट्राचं सर्वांत उंच शिखर, १,६४६ मीटर. कळसूबाईवर कळसूबाई रचत गेलात तर साडेसहा रचूनही विमानाचं पोट थोडं वरच राहतं. बाहेर उणे पन्नासच्या खाली तापमान. म्हणजे मुंबईच्या दुपारपेक्षा ऐंशीहून जास्त अंशांनी थंड. खिडकीच्या आत कुणी चहात बिस्किट बुडवतंय आणि हातभर अंतरावर, काचेपलीकडे, जीव क्षणात गोठवणारी हवा सेकंदाला एक लोकल या वेगाने मागे पळतेय.

आता वजन. या पल्ल्यावर उडणारं बोइंग ७७७-३००ईआर घ्या. पूर्ण भरलं तर जास्तीत जास्त ३५१ टनांपर्यंत वजन घेऊन उडू शकतं. लांब पल्ल्याच्या एक्स्प्रेस ओढणारं वॅप-७ हे विजेवर चालणारं इंजिन १२३ टनांचं असतं. फलाट हादरवत येतं ते. अशी जवळजवळ तीन इंजिनं एकत्र बांधून अकरा किलोमीटर उंच न्यायची, हे त्या विमानाचं रोजचं काम!

त्यासाठी इंधन किती? साडेनऊ तासांच्या प्रवासात साधारण ८५ हजार लिटर. परत एकदा आकडा डोक्यावरून गेला. मग गावातली विहीर डोळ्यांसमोर आणा: सोळा फूट व्यासाची, बांधीव, आणि आत पंधरा फूट पाणी. चांगलं पाणी आहे असं ज्या विहिरीला म्हणतात, ती. तिच्यात पाणी मावतं ८५ हजार लिटरच. म्हणजे मुंबईहून निघालेलं विमान लंडनला उतरेपर्यंत एक विहीर पिऊन टाकतं. तळ दिसेपर्यंत! सेकंदाला अडीच लिटर. तुमच्या स्कूटरची टाकी भरून दिली, तर विमान ती दोन सेकंदांत, दोन लोकल मागे टाकता टाकता, रिकामी करेल.

हवेची विहीर तर आणखी मोठी. याच विमानाच्या एका इंजिनाच्या तोंडाशी सव्वातीन मीटर व्यासाचा पंखा असतो. दोन उंच माणसं एकावर एक उभी राहिली तरी त्या तोंडातून जेमतेम बाहेर डोकावतील. उड्डाणाच्या वेळी हा पंखा दर सेकंदाला दीड टन हवा आत ओढतो. आपली ती विहीर कोरडी, फक्त हवेने भरलेली, समजा. अशा चौदा-पंधरा विहिरी, एका सेकंदात रित्या! आणि इंजिनं दोन आहेत.

आता आपला आवडता प्रश्न. कोणतीही गाडी दिसली की आपण हमखास विचारतो: ॲव्हरेज किती देते? बोइंग ७७७चं ॲव्हरेज काढू. ७,२०० किलोमीटर भागिले ८५ हजार लिटर. उत्तर: लिटरला ८५ मीटर. किलोमीटर नव्हे, मीटर! लोकलच्या चार डब्यांची लांबी जायला लिटरभर इंधन. पण थांबा, आत ३४० माणसं बसली आहेत. त्यांच्यात वाटून बघा: माणशी २५० लिटर, आणि माणशी ॲव्हरेज लिटरला जवळजवळ २९ किलोमीटर. एकटा माणूस गाडीने पुण्याला जातो तेव्हा लिटरला पंधरा मिळाले तरी खूश असतो. साडेतीनशे टनांचं धूड अकरा किलोमीटर उंचावर, ताशी नऊशेने, माणशी त्याच्या दुप्पट देतं. मला या सगळ्या हिशेबातला हा आकडा फार प्यारा आहे. तो दोनदा करून बघितल्याशिवाय पटत नाही, आणि पटल्यावर विसरता येत नाही.

खर्च? इंधनाचा भाव रोज हलतो, हिशेब सोपा जावा म्हणून आपण लिटरला शंभर रुपये धरू. एका खेपेचे ८५ लाख रुपये. हाही आकडा बाजूला ठेवा. त्याची जोडी मागून येतेय, जवळजवळ शंभर वर्षांपूर्वीच्या काळातून.

कारण लंडन काही आज जवळ आलेलं नाही. ७,२०० किलोमीटर तेव्हाही होते आणि आजही तेवढेच आहेत. बदललं ते घड्याळ, आणि ते कसं बदललं हे बघताना खरं तर श्वास अडकतो.

शिडाच्या जहाजांच्या काळात रस्ता आफ्रिकेला वळसा घालून, केप ऑफ गुड होपवरून. सुमारे २० हजार किलोमीटर! वारा मनासारखा मिळाला तर पाच महिने, नाही तर सहा-सात. १७८१ मध्ये राघोबादादांचे वकील हणमंतराव आपल्या धन्याचं गाऱ्हाणं घेऊन लंडनला गेले होते. तिथून एक प्रश्न पाठवायचा आणि इकडून उत्तर यायचं म्हणजे वर्षाची बेगमी. आणि वर्षभरात इकडे काय काय घडतं! मे १७८२ मध्ये सालबाईचा तह झाला आणि राघोबादादांच्या पेशवाईचा प्रश्नच संपला. लंडनला त्याची खबर लागायलाही महिने लागले असणार.

सहा महिने म्हणजे सुमारे ४,३२० तास. आज साडेनऊ. साडेचारशे पट वेग वाढला! साडेचारशे पट म्हणजे किती, ते पुन्हा घाटात नेऊन बघू. आज मुंबई–पुणे तीन तासांचं आहे. ते साडेचारशे पट वेगवान झालं तर चोवीस सेकंद. दादरला बसलात, सीट बेल्ट लावला, आणि कंडक्टर ओरडतोय: स्वारगेट, स्वारगेट!

हा साडेचारशे पटींचा डोंगर आपण टप्प्याटप्प्याने चढलो, आणि त्यातला एक टप्पा मुंबईच्या गोदीतच बांधला गेला. वाडिया घराण्याच्या कारागिरीतून ‘ह्यू लिंडसे’ ही वाफेवर चालणारी बोट १८२९ मध्ये पाण्यात उतरली. २० मार्च १८३० रोजी ती मुंबईहून सुएझकडे निघाली. तिची कोळसा घेण्याची जागा होती साडेपाच दिवसांपुरती आणि एडनपर्यंतची वाट होती अकरा दिवसांची. मग काय, जिथे जागा मिळेल तिथे कोळसा भरला. बोट वजनाने इतकी खाली बसली की मागची बाजू पाण्याला टेकली. एडनला पोहोचली तेव्हा आत जेमतेम काही तासांचा कोळसा शिल्लक होता! तिथे आणि पुढच्या बंदरांत कोळसा भरत भरत तेहेतिसाव्या दिवशी ती सुएझला लागली. साडेपाच हजार किलोमीटर, तेहेतीस दिवस. भागाकार करा: दिवसाला १६६ किलोमीटर. म्हणजे रोज एक मुंबई–पुणे, वर थोडं. आजचं विमान तेच दहा मिनिटांत एक या दराने करतं. पण त्या काळच्या लोकांनी तोंडात बोटं घातली असतील ती या बोटीच्या वेगाने, कारण त्यांनी सहा महिने पाहिलेले होते.

मग १८६९ मध्ये सुएझचा कालवा उघडला आणि समुद्रातली वाट २० हजारांवरून साडेअकरा हजारांवर आली. साडेआठ हजार किलोमीटर एका फटक्यात गायब. छप्पन्न मुंबई–पुणे, फक्त वाळू खणून! तीनच वर्षांनी ज्यूल व्हर्नने ऐंशी दिवसांत जगप्रदक्षिणा घालणाऱ्या माणसाची कादंबरी लिहिली. तिच्यातल्या वेळापत्रकात लंडन ते सुएझ सात दिवस आणि सुएझ ते मुंबई तेरा. एकूण वीस. पुढे बोटी आणखी सुधारल्या. डॉ. बाबासाहेब आंबेडकर पहिल्या गोलमेज परिषदेसाठी ४ ऑक्टोबर १९३० रोजी ‘व्हाइसरॉय ऑफ इंडिया’ या बोटीने मुंबईहून निघाले आणि १८ ऑक्टोबरला लंडनला पोहोचले. चौदा दिवस. त्या काळातला हा उत्तम वेग. तेवढ्या दिवसांत आजचं विमान, मधे न थांबता, मुंबई–लंडन पस्तीस वेळा करेल.

आणि आता ती जोडी. ३० मार्च १९२९ रोजी ‘इम्पीरियल एअरवेज’ने लंडन–कराची विमानसेवा सुरू केली. सात दिवस! त्यातही मधला एक तुकडा, स्वित्झर्लंडमधल्या बाझेलपासून इटलीतल्या जिनोआपर्यंतचा, आगगाडीने. तिकीट १३० पौंड. तेव्हा रुपयाचा भाव दीड शिलिंग होता, म्हणजे हे झाले सतराशे रुपयांहून जास्त. आणि सोनं होतं एकवीस रुपये तोळ्याच्या आसपास. भागाकार करताना हात थरथरतो: ऐंशी तोळे! ऐंशी तोळ्यांचा एक शेर. लंडन–कराची एका माणसाचं तिकीट, शेरभर सोनं. आज तोळ्याचा भाव लाखाच्या वर गेला आहे, आपण लाखच धरू. ऐंशी लाख रुपये. आणि मघाशी विहीरभर इंधनाचा हिशेब किती आला होता? पंच्याऐंशी लाख! १९२९ मध्ये एका माणसाला कराचीला न्यायला जेवढं सोनं लागलं, जवळपास तेवढ्या सोन्यात आज ३४० माणसं घेऊन लंडनला जाणाऱ्या विमानाची टाकी भरते.

कराचीपर्यंत आलेलं टपाल मुंबईला आणायचं कुणी? १५ ऑक्टोबर १९३२ रोजी अठ्ठावीस वर्षांचे जेआरडी टाटा एक इंजिनाचं इवलंसं ‘पस मॉथ’ घेऊन कराचीहून निघाले. मधे अहमदाबादला उतरले. तिथे विमानासाठी पेट्रोलचे डबे आले होते बैलगाडीतून! ते टाकीत रिकामे केले आणि विमान जुहूला उतरलं. टपालाचं वजन पंचवीस किलो. आज लंडनला जाणारा एक प्रवासी काउंटरवर ठेवतो ती एक बॅग साधारण तेवढ्याच वजनाची असते. भारताच्या विमानवाहतुकीचा सगळा वृक्ष त्या एका बॅगेएवढ्या बियाण्यातून उगवला.

सोळा वर्षं जाऊ द्या. ८ जून १९४८. एअर इंडियाचं ‘मलबार प्रिन्सेस’ हे चार इंजिनांचं कॉन्स्टेलेशन विमान मुंबईहून लंडनला निघालं. कैरो, जिनिव्हा, लंडन. आत पस्तीस प्रवासी, त्यांत नवानगरचे जामसाहेब आणि स्वतः जेआरडी. दिवसाभराचा प्रवास! अठरा वर्षांपूर्वीचे चौदा दिवस एका दिवसात आले. जाहिरातीत भाडं होतं १,७२० रुपये. सोनं तोवर शंभरीपार झालं होतं, म्हणजे पंधरा-सोळा तोळे. शेरभरावरून थेट एका पाटल्यांच्या जोडीवर आणि थोड्या किरकोळ दागिन्यांवर. आणि आज? साध्या वर्गाचं तिकीट अर्ध्या तोळ्याच्या आसपास मिळून जातं. ऐंशी, पंधरा, अर्धा. घसरगुंडी म्हणावी तर ही!

१९६० मध्ये एअर इंडियाकडे बोइंग ७०७ जेट आलं आणि वेग पोहोचला आजच्या वेगाला. आणि तिथेच थांबला. हे मला या सगळ्या गोष्टीतलं सर्वांत मोठं नवल वाटतं. शिडाच्या जहाजापासून जेटपर्यंत वेग शेकडो पटींनी वाढला आणि त्यानंतरची साठाहून अधिक वर्षं या वाटेवर तो तसूभरही पुढे गेला नाही. आजोबांच्या जेटनेही ताशी नऊशेच आणि नातवाच्या जेटनेही ताशी नऊशेच. या वर्षांत सगळी अक्कल खर्च झाली ती भाडं खाली आणण्यात आणि लिटरमागचे मीटर वाढवण्यात. ती कमी मोलाची नाही, ते आपण ॲव्हरेज काढताना बघितलंच.

शिवाय घड्याळ फसवून जास्तीचा वेगही मिळतो. हिवाळ्यात दुपारी एकला मुंबईहून निघालात, साडेनऊ तास उडालात, की लंडनच्या घड्याळात वाजलेले असतात संध्याकाळचे पाच. दोन घड्याळांमधला फरक चारच तास! ७,२०० किलोमीटर, चार तास. ताशी १,८०० किलोमीटर. कारण तुम्ही सूर्यामागे पळताय. पृथ्वी स्वतः फिरतेय ना: मुंबईची जमीन आपल्या सगळ्यांना घेऊन ताशी १,५८० किलोमीटरने पूर्वेकडे धावतेय. रविवारी दुपारी पंख्याखाली लोळणारा माणूससुद्धा बोइंगपेक्षा जोरात चाललेला असतो! लंडन उत्तरेकडे, तिथलं वर्तुळ लहान, तिथे वेग ताशी १,०४०. मुंबई सोडून लंडनला राहायला गेलेला माणूस घरबसल्या ताशी ५४० किलोमीटरने मंदावतो.

आता विमान सोडून देऊ आणि खरोखरच्या वेगवान गोष्टींकडे जाऊ. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक सेकंदाला साडेसात किलोमीटरहून जास्त वेगाने फिरतं. सेकंदाला तीस लोकल! त्या वेगाने लंडन सोळा मिनिटांच्या आत. मुंबई–पुणे वीस सेकंदांत. मघाचे ते चोवीस सेकंद अशक्य वाटले होते ना? डोक्यावरून रोज माणसं त्याहून जोरात जात असतात.

पण या स्थानकाला तिथवर चढवायला अग्निबाण लागतो. इंधनाचा एक थेंबही न जाळता लंडनला जाता येईल का? कागदावर येतं. त्यासाठी खणावं लागेल.

मुंबईहून लंडनपर्यंत, पृथ्वीच्या पोटातून, बाणासारखा सरळ बोगदा. वरून गोल वळसा ७,२०० किलोमीटरचा, आतून सरळ रेघ ६,८२० ची. ३८० किलोमीटर वाचले, अडीच मुंबई–पुणे. आता तिबिलिसी आठवा. तिबिलिसीच्या आसपास जमिनीवर उभं राहून खाली बघितलं तर बोगदा किती खोल असेल? ९९० किलोमीटर! पन्नास फुटांच्या विहिरी एकीखाली एक खणत गेलात तर ६५ हजार विहिरी लागतील. माणसाने आजवर खणलेलं सर्वांत खोल छिद्र रशियात कोला इथे आहे, वीसेक वर्षं खपून १२ किलोमीटर. तशी ऐंशी छिद्रं एकाखाली एक.

समजा खणला. आतली सगळी हवा काढून टाकली, घर्षण शून्य केलं, तापलेल्या खडकाची काळजी शास्त्रज्ञांवर सोपवली. मुंबईच्या तोंडाशी डबा ठेवला आणि नुसता सोडला. धक्काही द्यायचा नाही. डबा घसरत निघतो, वेग वाढत जातो, तिबिलिसीखाली पोहोचतो तेव्हा सेकंदाला सव्वाचार किलोमीटर: सेकंदाला सतरा लोकल, सेकंदाला दोन लाख रुपयांची नाणी, ताशी पंधरा हजार किलोमीटर! तिथून पुढे चढ लागतो, वेग उतरत जातो, आणि लंडनच्या तोंडाशी डबा अगदी अलगद थांबतो. पॉल कूपर या अमेरिकन संशोधकाने १९६६ मध्ये याचं गणित मांडून दाखवलं. वेळ: बेचाळीस मिनिटं. सहा महिने, वीस दिवस, चौदा दिवस, एक दिवस, साडेनऊ तास, आणि बेचाळीस मिनिटं. इंधन शून्य!

थांबा, अजून एक आहे. शेजारी दुसरा बोगदा खणा, मुंबई ते पुणे. वरून उडत अंतर १२० किलोमीटर. घाटाची उंची सोडून दिली तर आतून सरळ रेघ किती वाचवेल? पावणेदोन मीटर. एका खाटेइतकी! मध्यावर खोली जेमतेम २८० मीटर. उतार इतका सौम्य की डबा आधी हलतोय की नाही तेच कळणार नाही, आणि भरात आला तरी ताशी २७० किलोमीटरच्या वर जाणार नाही.

आता दोन्ही डबे मुंबईत एकाच क्षणी सोडा. एक पुण्याला, एक लंडनला. एकाला १२० किलोमीटर जायचंय, दुसऱ्याला ६,८२०. सत्तावन्न पट! तरी पुण्याचा डबा पुण्याला लागतो बेचाळिसाव्या मिनिटाला आणि लंडनचा डबा लंडनला लागतो त्याच बेचाळिसाव्या मिनिटाला.